चपला काढणाऱ्यांना हसू नका

२५ जुलै २०२५ रोजी ‘महावतार नरसिंह’ हा संगणकाच्या साहाय्याने निर्माण केलेला चित्रपट देशभर प्रदर्शित झाला. त्यात नामवंत नट नव्हता की नटी नव्हती. आरंभी त्याची विशेष दखलही कोणी घेतली नाही. पुढे काही आठवड्यांतच त्याचे उत्पन्न ३०० कोटी रुपयांपलीकडे गेले आणि भारतीय अ‍ॅनिमेशनपटांत तो सर्वाधिक कमाईचा ठरला. परंतु चर्चा झाली ती कमाईपेक्षा प्रेक्षकांची. चित्रपटगृहाच्या दाराशी चपला काढून आत जाणारी कुटुंबे, पडद्यासमोर हात जोडणाऱ्या वृद्धा, खेळ संपल्यावर भजन म्हणणारे तरुण आणि नरसिंह प्रकटताच उठणारा जयघोष ही दृश्ये घरोघरी पोहोचली.

आमच्या एका अभ्यासवर्गात हा विषय निघाला तेव्हा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, “यंत्राने काढलेल्या चित्रापुढे चपला काढणारा समाज समाजवाद काय आणणार?” मंडळी मनमुराद हसली. मीही हसलो. नंतर नातवंडांबरोबर तो चित्रपट पाहून आलो आणि त्या हसण्याची लाज वाटली. ती का वाटली, हे स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट ही की, या वर्तनात नवे काहीच नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘लंकादहन’ १९१७ साली आला. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढीत, असे चित्रपटाचे इतिहासकार नमूद करतात. त्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या! १९३६ साली आलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा पडद्यावर फुले आणि नाणी उधळली गेली. हे सारे प्रेक्षक पडद्यावरील सावलीला देव समजत होते काय? मुळीच नाही. वडिलांच्या तसबिरीला हार घालणारा मनुष्य कागदाला वडील समजत नसतो. आपल्या कार्यालयांत लोहियांच्या आणि जयप्रकाशांच्या तसबिरी आहेत. त्यांना आपण पुण्यतिथीस हार घालतोच. ती निष्ठा आणि ही तेवढी अंधश्रद्धा, हा न्याय कोणता?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या नाशकात फाळक्यांनी आपले पौराणिक चित्रपट काढले, त्याच नाशकात काळाराम मंदिराचे दार उघडावे म्हणून १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह उभारावा लागला. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दर्शन दलितांना मोकळे व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावावे लागले. देवळाच्या उंबरठ्यावर जात विचारली जात होती. तिकिटाच्या खिडकीवर मात्र पैसा पाहिला जाई. ज्याला गाभारा पारखा होता, त्याला चार-दोन आण्यांत राम दिसला. बाजाराने जुनी बंधने तोडली, हे बाजाराचे टीकाकार असलेल्या आपणही मान्य केले पाहिजे. पण बाजार एक उंबरठा मोडतो तेव्हा दुसरा घालतो. त्या दुसऱ्या उंबरठ्याविषयी आपण बोलत नाही, चपलांविषयी बोलतो.

तो उंबरठा मी माझ्या घरातच पाहिला. चित्रपटाला आम्ही पाच जण गेलो होतो. तिकिटे आणि मुलांचे खाणे मिळून दीड हजारांहून अधिक रुपये गेले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी विचारले, “काका, तिकीट केवढ्याला?” मी आकडा सांगितला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मग राहू द्या. मोबाइलवर तुकडे येतात, तेच बघतात पोरं.” चपला काढून आत जाण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही, त्यांच्या चपला रस्त्यावरच राहिल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर केवळ ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे, हे खरे. परंतु सुट्टीच्या दिवशी शहरातील मल्टिप्लेक्समध्ये त्या किमतीचे तिकीट दाखवा!

या प्रेक्षकांच्या भक्तीकडे ‘सांस्कृतिक जागृती’ म्हणून बोट दाखवणाऱ्यांनाही दोन प्रश्न विचारले पाहिजेत. त्याच सप्टेंबर महिन्यात कर्नाटक सरकारने चित्रपटाच्या तिकिटावर करांव्यतिरिक्त २०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. या आदेशाविरुद्ध मल्टिप्लेक्स मालकांच्या संघटनेबरोबर उच्च न्यायालयात जे गेले, त्यांत होंबाळे फिल्म्स ही संस्था होती. म्हणजे ‘महावतार नरसिंह’ प्रस्तुत करणारीच संस्था. न्यायालयाने आदेशास अंतरिम स्थगिती दिली. दाद मागणे हा तिचा कायदेशीर अधिकार आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. परंतु अनवाणी येणाऱ्या भक्ताकडून २०० रुपयांपेक्षा अधिक घेता यावेत म्हणून न्यायालयाची पायरी चढणे, ही धर्मजागृती की धंदा? हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न नियोजनाचा. या मालिकेत २०३७ सालापर्यंत सात चित्रपट काढण्याची घोषणा झाली आहे. नरसिंहामागून परशुराम, राम, कृष्ण आणि शेवटी दोन भागांत कल्की येईल. ज्या देशाने नियोजन आयोग गुंडाळला आणि पंचवार्षिक योजनांना २०१७ साली निरोप दिला, त्या देशात अवतारांची मात्र बारा वर्षांची योजना तयार आहे! अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात आश्चर्य वाटू नये. भांडवल योजनेच्या विरुद्ध कधीच नसते. ते लोकांनी केलेल्या योजनेच्या विरुद्ध असते. भक्तीची मागणी स्थिर आहे, दर दोन वर्षांनी पुरवठा करता येतो आणि देवाला मानधन द्यावे लागत नाही. याहून सुरक्षित गुंतवणूक कोणती?

आता खुद्द चित्रपटगृहातील अनुभव सांगतो. प्रल्हादाचा छळ चालला होता, तेव्हा प्रेक्षागृह निःशब्द होते. माझ्या शेजारची बाई पदराने डोळे पुसत होती. नरसिंह प्रकटला आणि सारे प्रेक्षागृह उसळले. अखेरचे युद्ध चांगलेच लांबवलेले आहे. प्रत्येक प्रहारासरशी टाळ्या पडत होत्या, शिट्ट्या वाजत होत्या. लहान मुले खुर्चीवर उभी राहून ओरडत होती. दिवे लागल्यावर खाद्यपदार्थांचे कागद आणि लाह्या यांनी जमीन भरलेली होती. दोन कामगार मुली झाडू घेऊन घाईने आत शिरल्या, कारण पुढचा खेळ लागायचा होता. ज्या भूमीला पवित्र मानून चपला काढल्या, तीच झाडणाऱ्या मुलींकडे वळूनही न पाहता लोक बाहेर पडले. मीही त्यांतच होतो.

मला खटकले ते हे. रडणे प्रल्हादासाठी होते आणि टाळ्या वधासाठी. वास्तविक ही कथा कोणाची आहे? सत्ताधीश पित्याने सांगितलेले असत्य उच्चारण्यास नकार देणाऱ्या एका बालकाची आहे. त्याच्याजवळ शस्त्र नाही, सैन्य नाही, द्वेषही नाही. म्हणूनच गांधीजींनी प्रल्हादाला आदर्श सत्याग्रही मानले आणि आपल्या लेखनातून त्याचा दाखला पुनःपुन्हा दिला. भागवतातील कथा तर याहून पुढे जाते. वध झाल्यावरही नरसिंहाचा कोप शमत नाही, देवही जवळ जाण्यास भितात. तेव्हा तो शांत करतो प्रल्हाद. आणि वर मागायची वेळ येते तेव्हा हा मुलगा ज्याने आपला छळ केला त्या पित्याचा उद्धार मागतो. हिंसा जिथे थांबते तिथे ते बालक उभे आहे. बाजाराला मात्र बालकाच्या नकारापेक्षा सिंहाचा पंजा अधिक किफायतशीर वाटतो. प्रेक्षकाची श्रद्धा खरी आहे. तिला कोठे टाळी वाजवायची हे शिकवणारे हात तेवढे दुसऱ्यांचे आहेत.

आणि हे हात मोकळे का राहिले? कारण आपण हसत बसलो. १९८७-८८ मध्ये दूरचित्रवाणीवर ‘रामायण’ चाले, तेव्हा लोक संचाला हार घालीत. आपल्यापैकी किती जणांनी तेव्हा त्या लोकांबरोबर बसून ती कथा पाहिली? आपण कुत्सित लेख लिहिले. इतरांनी त्यांच्या घरी जाऊन नमस्कार केला आणि पुढच्या निवडणुकांचे पीक कापले. ज्या लोहियांनी राम, कृष्ण आणि शिव यांच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला, त्यांच्या अनुयायांनी या कथा परक्यांच्या स्वाधीन कराव्यात, यापरते दुर्दैव नाही.

मग करायचे काय? चित्रपटावर बहिष्कार नको, बंदी तर नकोच. तिकिटाच्या किमतीवर मर्यादा घालण्याची मागणी महाराष्ट्रातही लावून धरा. नगरपालिकांची नाट्यगृहे व सभागृहे सुट्टीच्या दिवशी मुलांच्या चित्रपटांसाठी अल्प दरात खुली व्हावीत, असा आग्रह धरा. मल्टिप्लेक्समधील सफाई कामगारांना किमान वेतन मिळते की नाही, याची चौकशी करून त्यांना संघटित करा. ज्या सेवा दलाच्या कलापथकाने पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ गावोगाव नेले आणि निळू फुल्यांसारखा नट घडवला, ते व्यासपीठ पुन्हा उभे करा आणि वस्तीवस्तीत प्रल्हादाची गोष्ट शेवटपर्यंत सांगा. ही कामे कष्टाची आहेत. हसण्याइतकी सोपी नाहीत.

आमच्या अभ्यासवर्गाची बैठक कार्यालयात जाजमावर भरते. आत येताना प्रत्येक जण दाराशी चपला काढतो. तो कार्यकर्ताही काढतो. पुढच्या बैठकीत त्याच्या शेजारी बसून मी त्याला एवढेच विचारणार आहे, की आमच्या बाईंच्या मुलांना ती गोष्ट सांगायला तू माझ्याबरोबर येतोस का?