साहेब, सुलतानी म्हणजे तुम्हीच!

'अस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द पुढाऱ्यांनी फार स्वस्त करून टाकलाय. अवकाळी झाली की बांधावर यायचं, चिखलात उभं राहून फोटो काढायचा आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचं, "बळीराजावर अस्मानी-सुलतानी संकट कोसळलंय." अहो साहेब, यातली सुलतानी म्हणजे तुम्हीच की!

आस्मान हा फारसी शब्द, म्हणजे आभाळ. सुलतान अरबीतला, मूळ अर्थ सत्ता, अधिकार. आभाळातून येते ती अस्मानी आणि सरकारातून येते ती सुलतानी. जुन्या काळी महसुलाच्या कागदांत ही जोडी असायची. अस्मानी-सुलतानी झाली तर साऱ्यात सूट. म्हणजे राज्यकर्त्यामुळेही रयत बुडते, हे खुद्द राज्यकर्त्याच्या दप्तरात लिहिलेलं होतं!

काही जण या शब्दाला लगेच धर्म चिकटवतात. त्यांच्यासाठी इतिहास. १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला, त्यातच फौजांची धावपळ. त्याच वर्षी आदिलशाही फौजेनं पुणं बेचिराख केलं. त्या फौजेचा म्होरक्या कोण? मुरार जगदेव. नावावरून ओळखा. जाळलेल्या घराला जाळणाऱ्याची जात-धर्म कळत नाही. सुलतानी हा सत्तेचा गुण आहे, ती कुणाच्याही अंगात येते.

आता आजचं बघा. ८ डिसेंबर २०२३. केंद्रानं एका आदेशानं कांद्याची निर्यात बंद केली. हा घाव आभाळातून आलेला नव्हता. तरी भाव कोसळले. नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, रस्ते अडवले. बंदी उठली ४ मे २०२४ ला. जवळपास पाच महिने! शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा हे मान्य. पण त्याची किंमत एकट्या कांदेवाल्यानंच का भरायची? सरकारनं स्वतःच्या तिजोरीतून फरक द्यायचा होता.

गारपीट झाली तर तलाठी येतो, पंचनामा होतो, ३३ टक्के नुकसान भरलं तर थोडीफार मदत मिळते. सरकारी आदेशानं पीक मातीमोल झालं तर पंचनामा कोण करणार? त्या फॉर्मात सुलतानीचा रकानाच नाही.

मागणी साधी आहे. सरकारच्या निर्णयानं भाव पडला, तर त्या नुकसानीचाही पंचनामा करा आणि भरपाई द्या. जुन्या राजवटींना कागदावर तरी एवढं कळत होतं, लोकशाहीला कळायला काय हरकत आहे?

आणि मंडळी, पुढच्या वेळी कुणी नेता बांधावर येऊन 'अस्मानी-सुलतानी' म्हणाला, की त्याला तिथंच थांबवा. विचारा, "साहेब, अस्मानीचं कळलं. सुलतानी कुणाची, तेवढं सांगून जा."