बेलग्रेव्ह रोडचा धडा परभणीच्या बाजाराने घ्यावा

उन्हाळ्यात मुलांकडे विलायतेला जाऊन आलेली मंडळी दुकानात बसली की मोबाईलवर फोटो दाखवतात. त्यात लंडनचा राजवाडा असतो, थेम्स नदी असते. आम्ही कापडवाले, आमची नजर अडकते ती लेस्टर शहराच्या फोटोंवर.

लंडनच्या उत्तरेस सुमारे दीडशे किलोमीटरवरचे हे होजिअरीच्या कारखान्यांसाठी नावाजलेले शहर. तिथल्या बेलग्रेव्ह रोडवर साड्या, दागिने आणि मिठाईची दुकाने ओळीने आहेत. लोक या रस्त्याला ‘गोल्डन माईल’ म्हणतात. दिवाळीत तिथे मोठी रोषणाई होते, हजारो लोक जमतात. इथून मुलाकडे गेलेली आई त्या रस्त्यावर आपल्याच गावात असल्यासारखी हिंडते, बांगड्या भरते, मिठाई घेते.

हे सुख आयते आलेले नाही. १९७२ हे साल आपल्या मराठवाड्यात दुष्काळाचे म्हणून ओळखले जाते. त्याच साली ऑगस्टमध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. त्यात बहुतेक गुजराती होते, हिंदूही आणि मुसलमानही. पुष्कळांचा धंदा दुकानदारीचाच. सुमारे २८ हजार लोक ब्रिटनला गेले. तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या वृत्तपत्रात चक्क जाहिरात दिली की, आमच्या शहरात येऊ नका! तरीही हजारो आले. मालमत्ता मागे राहिली होती, पण हुनर आणि जबान सोबत होती. काहींनी कारखान्यात मजुरी केली, काहींनी दुकाने थाटली. आज तेच शहर त्यांच्या बाजाराची शान सांगते.

आता आपल्याकडे पाहू. परदेशात नोकरी करणारी आपली मुले लग्नासाठी गावी येतात. दावत परभणीत, जिंतूरला किंवा सेलूला होते आणि कापडखरेदी मात्र हैदराबादला! आम्ही एका ओळखीच्या गृहस्थांना कारण विचारले. ते म्हणाले, "सेठ, पोराची रजा वीस दिवसांची. तुमच्याकडे दिलेली शेरवानी निकाहच्या आदल्या रात्री मिळाली, तीही बाही आखूड." आम्ही खाली मान घातली. कारीगर उत्तम होता, पण त्याच्याकडे किती काम पडले आहे हे न पाहताच तारीख आम्ही दिली होती.

ग्राहकाला दोष देऊन रोजी वाढत नाही. आमचे व्यापारी व कारीगर बांधवांना सांगणे आहे की, एक भाव ठेवा, पक्की पावती द्या, जमेल तीच तारीख द्या. परदेशातल्या ग्राहकाची मापे फोनवर मागवून जपून ठेवा. जरीकाम करणारा, शिंपी आणि दुकानदार यांनी आधी एकत्र बसून हिशेब करावा, म्हणजे कारीगराची मजुरीही बुडणार नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. २०२१ च्या जनगणनेत लेस्टरमध्ये सुमारे साडेतेवीस टक्के मुसलमान आणि अठरा टक्के हिंदू नोंदले गेले. इतकी वर्षे शेजारी राहिलेल्या या लोकांतल्या काही तरुणांमध्ये २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दंगा झाला. पन्नास वर्षांत कमावलेल्या नावाला काही दिवसांत डाग लागला. शटर खाली आले की आत कोणत्या धर्माचा माल आहे हे नुकसान विचारत नाही. दिवाळीच्या साडीला फॉल लावणारा हात पुष्कळदा मुसलमानाचा असतो आणि ईदच्या कपड्याचा कापूस हिंदू शेतकऱ्याच्या रानातला असतो.

आपल्याकडे दर फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. सर्व धर्मांचे लोक लांबून येतात. त्या दिवसांत परभणीच्या सर्व व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून बाजारात रोषणाई करावी, कारीगरांना हुनर दाखवायला जागा द्यावी. दिवाळीलाही तसेच करावे. युगांडातून उठवलेल्या लोकांनी परक्या मुलुखात बाजार उभा केला. आपण तर आपल्याच गावात आहोत. आपली मुले लेस्टरच्या बाजाराचे फोटो दाखवतात, तसे त्यांनी तिकडच्या मित्रांना परभणीच्या बाजाराचे फोटो दाखवावेत, इतके तरी आपण करू शकतो.