नऊ चौकोनांची फाईल



दातांना तारा लावलेली बरीच मुलं आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत दिसतात, तेव्हा यावेळी माझ्या कामातलीच गोष्ट.

तारांचे उपचार दीड-दोन वर्षं चालतात. मधेच बाबांची नोकरी सुरतेहून पुण्याला गेली, की मुलाचे अर्धवट सरकलेले दातही निघाले पुण्याला! तिथल्या डॉक्टरच्या हाती काय पडतं? व्हॉट्सॲपवरचे दहा-बारा फोटो, कुठला कधीचा ते देवाला ठाऊक.

म्हणून मी पॉवरपॉइंटमध्ये एक साचा करून ठेवला आहे. स्लाइड मास्टरमध्ये नऊ चौकोन. वरच्या ओळीत चेहरा : समोरून, हसताना, बाजूने. मधल्या ओळीत मिटलेले दात : उजवे, समोरचे, डावे. खाली वरचा आणि खालचा जबडा, नि त्यांच्यामधला नववा चौकोन तारीख-वयासाठी. पुढच्या स्लाइडवर दोन एक्स-रे. जबड्याचे फोटो आरशातून काढतात, ते आधी सुलटे करायचे. नाहीतर उजवी दाढ डावी होते. चौकोनाचं प्रमाण कॅमेऱ्याच्या फोटोइतकंच, ३:२. हाताने ओढून बसवलेल्या फोटोत चेहरा रुंद होतो आणि हनुवटी उगाच सुधारल्यासारखी वाटते. ‘आधी’ अंधारात रडवेला, ‘नंतर’ लख्ख उजेडात हसरा, अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. साचा मापं सारखी ठेवतो. उजेड आणि कॅमेऱ्याचं अंतर मात्र आपणच सांभाळायचं.

खरी काळजी चेहऱ्याची. डोळ्यांवर काळी पट्टी लावून फाईल पाठवली, तरी समोरचा ती एका क्लिकमध्ये उचलून बाजूला ठेवू शकतो. क्रॉप केलेला भागही मुद्दाम पुसला नाही तर फाईलमध्ये तसाच दडून राहतो. त्यामुळे व्याख्यानासाठी मी वेगळी प्रत करते : नाव काढलेली, प्रत्येक स्लाइडचं साधं चित्र केलेली, आणि पालकांनी लेखी होकार दिला तरच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही १८ वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांची संमती मागतो.

तेव्हा गाव बदलणार असाल तर दंतवैद्यांना आठवडाभर आधी कळवा. ताजे फोटो, सुरुवातीचे एक्स-रे आणि सध्या कुठली तार चालू आहे याची नोंद मागून घ्या. आणि उत्तरायण सुरतेतच करणार असाल, तर चिक्की जरा जपून. सामान बांधायच्या दिवशी तुटलेलं ब्रॅकेट चिकटवायला फार धावपळ होते.