थेरपी मोबाइलवर आली. पण बोलायला जागा कुठे आहे?

मांडवीच्या जेट्टीवर संध्याकाळी एका बाजूला भेळ खाणारी कुटुंबं असतात. थोडं पुढे, गर्दीपासून लांब, कानात इअरफोन घालून समुद्राकडे तोंड करून हळू आवाजात बोलणारं कुणीतरी बसलेलं असतं. बघणारा समजतो, प्रेमप्रकरण असणार.

गेल्या वर्षी काही महिने तिथे मीही बसायचो. इंजिनीअरिंग सोडून पत्रकारितेत आलो होतो, एक नातं तुटलं होतं, झोप उडाली होती. दर गुरुवारी पाऊण तास ऑनलाइन समुपदेशन चालायचं. घरात दोनच खोल्या. पहिल्या सत्राला दार लोटून बसलो, तर आईने बाहेरून विचारलं, "काय रे, एवढं हळू कोणाशी बोलतोयस?" मी म्हणालो, "ऑफिसचा कॉल आहे." पुढच्या गुरुवारपासून जेट्टी गाठली.

मला फायदा झाला. पण पावसाळा सुरू झाला आणि जेट्टीवर बसणं बंद झालं, तेव्हा सत्रंही थांबली. नेट होतं, पैसे होते, वेळही होता. नव्हती ती फक्त दार बंद होणारी खोली. ऑनलाइन थेरपीच्या जाहिराती या खोलीबद्दल काहीच सांगत नाहीत.

ऑनलाइन थेरपी म्हणजे नेमकं काय?

व्हिडिओ कॉल, फोन किंवा चॅटवरून प्रशिक्षित व्यक्तीशी ठरलेल्या वेळी होणारं समुपदेशन. ताण, नात्यातले वाद, नोकरी बदलणं, लग्न, घटस्फोट, बाळंतपण, निवृत्ती, जवळच्याचा मृत्यू अशा टप्प्यांवर याचा उपयोग होतो. सौम्य ते मध्यम नैराश्य आणि चिंतेवर तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली ऑनलाइन दिलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्याची पद्धत, समोरासमोरच्या उपचारांच्या तोडीची ठरते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

मात्र आत्महत्येचे विचार, भास होणं, घरात मारहाण किंवा गंभीर व्यसन असेल, तर केवळ स्क्रीनवर विसंबू नये. तिथे प्रत्यक्ष डॉक्टर आणि सोबतीला माणूस लागतो.

कोकणात याची गरज का?

राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या रत्नागिरीत आहे. बाकीची ठाणे, पुणे आणि नागपूरला. पण त्या रुग्णालयाचा आधार वाटण्याऐवजी त्याच्या नावाने थट्टाच जास्त झाली. "याला रत्नागिरीला न्यायला हवं" हे वाक्य कोकणात कोणी ऐकलं नसेल? ज्या गावाचं नावच वेडेपणाची शिवी झालं, तिथला माणूस मनाच्या डॉक्टरकडे दिवसाढवळ्या कसा जाईल?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार होता. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. आपल्याकडे याचे चेहरे ओळखीचे आहेत. नवरा मुंबईला, बायको सासू-सासऱ्यांसोबत गावी. मुलगा मर्चंट नेव्हीत, महिनोन्‌महिने जहाजावर. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घरी बसलेला, कर्जाचे हप्ते मोजणारा खलाशी. यांच्यातल्या कुणालाच दर आठवड्याला शहरातला दवाखाना गाठणं परवडत नाही. फोन मात्र प्रत्येकाच्या खिशात आहे.

लांबून सल्ला ही नवी गोष्ट आहे का?

नाही. दापोलीजवळच्या मुरूडचे रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. जे घरात विचारता येत नाही ते वाचक पत्राने विचारायचे, आणि कर्वे अंकात उत्तर द्यायचे. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कर्वे खटला हरले, पण पत्रं येत राहिली. गुपचूप आणि लाज न बाळगता विचारण्याची गरज तेव्हाही होती.

मोफत काय मिळतं?

केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर २४ तास, मराठीसह अनेक भाषांत बोलता येतं. बेंगळुरूची निम्हान्स ही तिची प्रमुख मार्गदर्शक संस्था. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आय-कॉल' सेवा २०१२ पासून फोन आणि ईमेलवरून समुपदेशन करते. खासगी सत्रांचे दर मात्र काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत जातात.

पैसे भरण्याआधी काय तपासाल?

१. समोरची व्यक्ती कोण? मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर शिकलेले डॉक्टर. औषध लिहून देतात ते हेच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागा. मागितल्यावर राग येत असेल, तर दुसरीकडे जा.

२. 'समुपदेशक' ही पाटी आज कोणीही लावू शकतं. पदवी, अनुभव आणि त्यांच्या कामावर कोणाची देखरेख आहे, हे विचारा.

३. माहिती कुठे जाते? अमेरिकेत 'बेटरहेल्प' या बड्या ॲपने ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप तिथल्या व्यापार आयोगाने केला. २०२३ मध्ये प्रकरण ७८ लाख डॉलर देऊन मिटलं. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तरी ॲपला फोनबुक आणि लोकेशनची परवानगी देऊ नका; समुपदेशनाला त्यांची गरज नसते.

४. चॅटबॉट म्हणजे थेरपिस्ट नव्हे. तो गोड बोलतो, रात्री दोनलाही हजर असतो. पण तुमचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण, याला उत्तर नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये एआयकडून थेरपी देण्यावर बंदी घातली.

मग सरकारने काय करावं?

हेल्पलाइन सुरू केली, काम संपलं, असं होत नाही. ज्या सुनेचा फोन सासूच्या नजरेसमोर वाजतो, तिला १४४१६ पाठ असून काय उपयोग? तिला हवी आहे एक खोली. 'ई-संजीवनी'मुळे आरोग्य केंद्रांतून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेण्याची व्यवस्था २०१९ पासून उभी राहिली आहे. त्याच केंद्रात आठवड्यातले काही तास एक खोली बोलण्यासाठी राखून ठेवा. आत एक खुर्ची, एक स्क्रीन आणि आतून लागणारी कडी. बाहेर 'मानसिक आरोग्य' अशी पाटी नको. बाई रक्तदाब तपासायला आली की बोलायला, हे बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना कळायला नको.

बोलायला माणूस कुठून आणायचा? शेजारच्या गोव्यात 'संगाथ' संस्थेने त्याचं उत्तर दिलं आहे. प्रशिक्षण दिलेल्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ सत्रांत नैराश्य कमी करून दाखवलं, आणि ते निष्कर्ष 'द लॅन्सेट'मध्ये छापून आले. असे मराठी बोलणारे लोक आपल्या जिल्ह्यातही तयार करता येतील.

आणि समुपदेशकांच्या नोंदणीचं घोंगडं भिजत ठेवू नका. संबंधित आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये कायदा झाला. त्याचा उपयोग रत्नागिरीतल्या मुलीला तेव्हाच, जेव्हा ती मोबाइलवर एक नाव टाकेल आणि हा माणूस खरा की खोटा, हे तिला एका मिनिटात कळेल.

तोवर आपल्या हातातलं एक काम आहे. घरात कुणी दार लोटून हळू आवाजात बोलत असेल, तर "कोणाशी बोलतोयस?" असं लगेच विचारू नका. टीव्हीचा आवाज थोडा वाढवा. माझ्या आईला मी शेवटी खरं सांगितलं. ती काही बोलली नाही. पुढच्या गुरुवारी सात वाजता शेजारच्या काकूंकडे जाऊन बसली, आणि आठ वाजल्याशिवाय परतली नाही.