हूल म्हणजे लबाडी नव्हे

परवा अमेरिकेतल्या नातवाने व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडचा फुटबॉल दाखवला. नाव फुटबॉल, पण खेळ बहुतेक हातानेच! दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी. तीन वाया गेल्या की चौथ्या वेळी बहुतेक संघ चेंडू लांब लाथाडून देतात, म्हणजे समोरच्याला दुरून सुरुवात करावी लागते. त्याला पंट म्हणतात. त्या दिवशी लाथ मारणारा गडी चेंडू घेऊन चक्क पळाला. मागून चिरंजीव म्हणाले, "बाबा, ही तर चीटिंग." नातू म्हणाला, "नाही आजोबा, फेक पंट नियमात बसतो."

मी नातवाच्या बाजूचा. चिरंजीव हे वाचतीलच, वाचू द्या.

मंडळी, आपल्या कबड्डीतली रिकामी चढाई म्हणजे तरी दुसरं काय? निदान रेषा ओलांडायची, कुणाच्या हाती लागायचं नाही, परत यायचं. प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. म्हणून दुसरी चढाई वेळ काढायचीच, असं सगळे धरून चालतात. आणि नेमका तेव्हाच परत वळायच्या बेतात दिसणारा गडी बोनस रेषेपलीकडे पाय टाकून येतो! समोर सहा-सात जण उभे असताना. यात लबाडी कुठली? रेषा सगळ्यांना दिसते, 30 सेकंद सगळ्यांना ठाऊक असतात. गाफील राहिलात ते तुम्ही.

नातू सांगतो, ऑस्ट्रेलियातून आलेली काही पोरं रग्बीसारखी आधी बाजूला धावतात आणि धावता धावता लाथ मारतात. अडवायला पुढे यावं तर मारतो, मागे थांबावं तर पळतो. मला हे फार आवडलं. बहुतेक वेळा तो खरंच मारतो, म्हणून तर हूल चालते. रोज हूल देणाऱ्याला कोण भुलेल?

पण मी हे कुठल्या तोंडाने लिहितोय? चाळीसेक वर्षांपूर्वी नांदेड जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठीबरोबर कबड्डीचा संघही माझ्याच गळ्यात होता. एका सामन्यात आमच्या पोराने चढाईत 'कबड्डी कबड्डी'चा आवाज मुद्दाम बारीक केला. दम संपला असं वाटून दोघे अंगावर धावले. त्याने दोघांना शिवलं आणि मध्यरेषा गाठली. पंचांनी गुण दिले. मी मात्र "असली लबाडी माझ्या शाळेत चालणार नाही" म्हणून त्याला सगळ्यांदेखत बाहेर बसवलं. सामना हरलो. त्याच स्पर्धेत एका संघात मिसरूड फुटलेले, दाखल्यावर वय कमी केलेले गडी खेळत होते. ते आम्हा सगळ्या मास्तरांना दिसत होतं. त्यावर मी तक्रार केली नाही. त्या मास्तरांबरोबर चहा घेतला.

दाखला खोटा करणारा मैदानाबाहेर, कागदावर फसवतो. तिथे समोरच्याला सावध व्हायची संधीच नसते. माझा राग चुकीच्या पोरावर निघाला, कारण ते पोर माझ्या हाताखालचं होतं.

मागे लातूरच्या बसस्टँडवर तो भेटला. केस पिकलेले. पाया पडला आणि हसत म्हणाला, "सर, त्या दिवशी अजून लई दम होता बरं का."