पहाटेचे विमान, आदल्या रात्रीचा मुक्काम



पनवेल तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर उभारलेल्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने सुटू लागली. मुलगा नोकरीला निघाला, विमान पहाटेचे. तर पेण-रोह्याहून मध्यरात्री निघू नका. वाटेत गाडी अडकली की तिकीट बुडाले! सामान घेणारी खिडकी विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होते.

आदल्या संध्याकाळी पनवेल गाठा, साधा लॉज घ्या. आधी खोली पाहा. भाड्यात कर धरला आहे का, खोली चोवीस तासांची की दुपारी बारापर्यंतची, हे विचारा. पावती घ्या. प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ असू द्या. पहाटेची रिक्षा रात्रीच ठरवा.

लावणीची वेळ आपण चुकवत नाही. हीही चुकवू नका.