डोळ्यांत पाहून बोल!

काही वर्षांपूर्वी माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये एक विद्यार्थी होता. स्क्रू गेजचे रीडिंग त्याच्याइतके काटेकोर कोणी घेत नसे; पण तोंडी परीक्षेत तो टेबलाकडे पाहूनच उत्तरे देई. "डोळ्यांत पाहून बोल," असे मी त्याला वारंवार दटावीत असे. पुढे तो पाहू लागला. मला वाटले, सुधारला! पण पुढच्या सत्रात त्याचे येणे कमी झाले, बोलणे थांबले, डबा तो न उघडताच परत नेई. "त्याचा स्वभावच तसा," असे आम्ही म्हणत राहिलो. त्याच्या आई भेटावयास आल्या, तेव्हा कळले की त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे आणि आता नैराश्यही आले आहे. उपचारांनी तो सावरला, पण वर्ष गेले. "सर, तुमच्याकडे बघण्यातच माझी सारी शक्ती जाई, प्रश्न कानांत शिरतच नसे," असे तो नंतर म्हणाला.

स्वमग्नता ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण होय. (हा शब्द मला पटत नाही. तो मुलगा स्वतःत मग्न मुळीच नव्हता!) नैराश्य हा मात्र निराळा आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. स्वमग्न व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या सुमारे चौपट असते, असे २०१९ साली अनेक संशोधनांच्या एकत्रित आढाव्यातून दिसले.

असे का व्हावे? एकटेपणा, बेकारी, अपुरी झोप अशी कारणे सांगितली जातात. मला मात्र दिवसभर इतरांसारखे दिसण्याची धडपड विशेष महत्त्वाची वाटते. जे आपले वेगळेपण अधिक लपवितात, त्यांच्यात नैराश्य अधिक आढळते. अर्थात दोन राशी बरोबरीने वाढल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. खचलेला माणूसच अधिक लपवीत असेल. पण २०१८ साली ब्रिटनमधील स्वमग्न प्रौढांच्या पाहणीतही, ज्यांना समाजाने आपल्याला स्वीकारले नाही असे वाटत होते, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे अधिक दिसली.

डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील पहिला डोनाल्ड ट्रिपलेट, अमेरिकेतील फॉरेस्ट या लहान गावचा. तो पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली ८९व्या वर्षी वारला. बँक घरचीच होती, हे खरे. पण गावानेही त्याला आहे तसा आपला मानला होता.

हल्ली मी तोंडी परीक्षेतले प्रश्न कागदावर लिहून पुढे ठेवतो. काही सहकारी याला लाड म्हणतात.